तेविसाव्या प्रतीपासून

त्या गुरुवारी सकाळी बाबा आणि शनूदाकाका यांचं मोज्यांवरून जुंपलं होतं.

"या माणसाने आधी चिप्सचं पाकीट काढलं," बाबा म्हणत होते. "मग गॅसचा सिलिंडर काढला. आता मायक्रोबसचं ढुंगण. पुढच्या वर्षी बघ, माझे मोजे काढेल आणि खाली सही ठोकेल."

"काढू दे की. आपलं काम वाचेल," शनूदाकाका म्हणाले. "तुमच्या मोज्यांना रंग एकच. तोही कुठला ते मला अजून ओळखता आलेलं नाही."

"रंग ओळखता आले असते तर तू रॅक भरत बसला असतास?"

"मी रॅक भरतो म्हणून तुमचे कागद वाळतात, उस्ता. नाहीतर फुंकर मारत बसला असता साठ कागदांवर."

शनूदाकाका बाबांचे मदतनीस, त्यांना उस्ता म्हणजे उस्ताद म्हणायचे, आणि हे भांडण तीस वर्षं चालू होतं, विषय तेवढे बदलत. आमची छपाईची खोली कैरोच्या फग्गाला भागात, मागच्या गल्लीत आहे. फग्गालात एके काळी नुसते छापखाने आणि कागदवाले होते. आता सगळीकडे नळ, टाइल्स आणि बेसिनं. आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी आपला माल फुटपाथवर मांडलेला असतो, आणि नवीन गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना बाबा म्हणायचे, "डावीकडे कमोड, उजवीकडे कमोड, मधे कला."

ज्याच्या नावाने मोज्यांचा उद्धार चालला होता तो हाझेम. वय छत्तीस, पायात कायम लालभडक बूट. त्याची चित्रं कैरोत कुठेही दिसतात, टी-शर्टवर, कपांवर, कॉफीच्या दुकानांच्या भिंतींवर. पण ज्यांना खरी हवी असतात त्यांच्यासाठी तो दर वर्षी एक चित्र मोजक्या प्रतींत काढतो. साठ म्हणजे साठ. जाड कागद, हाताची छपाई, खाली पेन्सिलीने नंबर आणि सही. सही त्याची. छपाई बाबांची, गेली नऊ वर्षं.

या वर्षीचं चित्र म्हणजे मागून दिसणारी पांढरी मायक्रोबस. गुलाबी आकाश, मागच्या काचेला झालरीचा पडदा, लोंबकळणारा लहान बाळाचा एक बूट, आणि दारावर आडवा, रंगाऱ्याच्या गोलसर वळणात लिहिलेला एकच शब्द. रहमा. दया.

आमच्या अरबी लिपीत र आणि झ यांचा सांगाडा एकच असतो. वर टिंब नसेल तर र, टिंब असेल तर झ. रहमावर टिंब पडलं की तो शब्द होतो झहमा. म्हणजे गर्दी, खोळंबा. दोन्ही शब्द आम्ही दिवसातून पन्नासदा उच्चारतो आणि मायक्रोबसच्या पाठीवर दोन्ही सारखेच शोभतात. म्हणूनच पुढे जे झालं ते इतका वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मुद्रितं तपासते. एका प्रकाशन संस्थेत सतरा वर्षं तेच काम करते आहे. टिंबांवर माझं पोट चालतं असं म्हटलं तरी चालेल. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी गुरुवारी छपाईच्या खोलीत त्यांच्या मदतीला जाऊ लागले होते. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांची नजर आता तुमच्यापेक्षा चांगली आहे. पण बाबांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. त्यांनी एक काम माझ्याकडे दिलं. भोकं बघायचं.

प्रत्येक रंगाची एक चौकट असते. चौकटीवर ताणलेली जाळी, जाळीवर लेप. जिथून शाई उतरायला हवी तिथे लेप नसतो. पण लेपात धुळीचा कण राहिला की नको तिथेही टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, आणि त्यातून कागदावर शाईचा ठिपका उमटतो. म्हणून छापण्याआधी चौकट उजेडासमोर धरायची, भोकं शोधायची आणि तांबड्या औषधाचा थेंब लावून ती बुजवायची. औषध वाळायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात काहीही करता येत नाही. बाबा चहा प्यायचे.

त्या दिवशी आठ रंग होऊन गेले होते. शेवटचा काळा राहिला होता, अक्षरांचा. मी चौकट दिव्यासमोर धरली, सहा भोकं बुजवली, अर्धा तास थांबले, बाबांबरोबर चहा घेतला. मग चौकट उचलताना सातवं दिसलं. र च्या बरोबर वर. तिळाएवढंही नव्हतं.

माझ्याकडे एका निवृत्त राजदूताच्या आठवणींची मुद्रितं होती, चार वाजेपर्यंत प्रेसमध्ये पोचवायची. औषध लावलं असतं तर पुन्हा अर्धा तास. मी चौकटीच्या खालच्या बाजूने चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला आणि चौकट बाबांच्या हातात दिली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

चिकटपट्टीबद्दल बाबांचं मत मला लहानपणापासून पाठ होतं. पट्टीने भोक झाकतं, बुजत नाही. शाईतलं थिनर तासाभरात डिंक सैल करतं, पट्टी निघते, आणि निघताना आजूबाजूचा लेपही सोबत नेते. तिळाचं भोक मसुरीच्या डाळीएवढं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मला वाटलं, साठ कागद तर आहेत.

बाबा छापत होते, शनूदाकाका एकेक कागद उचलून रॅकवर ठेवत होते. मी कोपऱ्यातल्या टेबलावर राजदूताच्या आठवणी वाचत होते. दर दहा कागदांनी बाबा हाक मारायचे, "इरिनी, बघ गं." मी उठून बघायची. दहावा ठीक होता. विसावा ठीक होता. तिसाव्याला मी उठले नाही, बसल्या जागेवरून मान वर केली. दारावर एक शब्द होता. शब्द नीट होता. "ठीक आहे," मी म्हणाले. चाळिसाव्यालाही म्हणाले. पन्नासाव्याला बाबांनी विचारलंच नाही, ते रंगात आले होते. जाळीवरून शाई ओढायच्या त्यांच्या रबराचा घासण्याचा एक आवाज असतो, लांब श्वास सोडल्यासारखा. काम जमलं की तो आवाज साठही वेळा सारखा येतो. त्या दिवशी सारखा येत होता.

तीनच्या सुमाराला ते भिंग घेऊन रॅकजवळ गेले. शेवटच्या कागदापासून मागे मागे बघत यायची त्यांची पद्धत होती. साठ बघितला. एकोणसाठ बघितला.

"शनूदा," ते म्हणाले, "या गाडीवर काय लिहिलंय?"

"मला विचारताय? मला वाचता आलं असतं तर मी एव्हाना मंत्री झालो असतो."

"टिंब दिसतंय का तुला?"

"दिसतंय की. मघापासून दिसतंय. मला वाटलं, असेल. टिंबं म्हणजे तुम्हा वाचणाऱ्यांची भानगड."

बाबा एकेक कागद मागे येत गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तेविसाव्या कागदावर टिंब होतं, बाविसाव्यावर नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बाविसावा बघितला. मग चष्मा काढून हातातच धरला.

"डोळे गेले माझे," ते म्हणाले. "अडतीस कागद माझ्या नाकाखालून गेले, इरिनी."

मी तोवर चौकटीकडे पाहिलं होतं. पट्टी गुंडाळी होऊन कडेला चिकटली होती, शाईने काळी. तिच्या जागी मसुरीएवढं भोक होतं.

तिथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. मी म्हणाले, "थकलात तुम्ही. बसा जरा."

आणि मग मी चौकट नळाखाली नेली आणि धुऊन टाकली. साठ प्रती झाल्या की जाळी धुवायची असतेच. एकसष्टावी कुणी काढू नये म्हणून तसा रिवाजच आहे. पण आधी चित्रकार येऊन प्रती पास करतो, मग धुतात. बाबा म्हणाले, "एवढी काय घाई आहे?" मी म्हणाले, "शाई वाळली की निघत नाही." पाण्याबरोबर लेप गेला, पट्टी गेली. शनूदाकाकांनी मोरीतलं पाणी झाडूने पुढे ढकललं.

मी का बोलले नाही याचं एक कारण सोपं आहे. मला लाज वाटली. दुसरं कारण सांगायला इतकं सोपं नाही. बाबांनी काम थांबवावं म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. वय एकाहत्तर, तो थिनरचा वास, दिवसभर उभं राहणं. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि चष्मा हातात धरून ते जेव्हा म्हणाले की डोळे गेले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हा आला की निदान आता थांबतील.

संध्याकाळी शुब्रा भागातल्या आमच्या घरी मी फूल, म्हणजे आमच्याकडची शिजवलेली बाकला, गरम करत होते आणि बाबा बाहेरच्या खोलीत हाझेमशी फोनवर बोलत होते. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"चूक माझी आहे, बाळा. डोळे गेले माझे, दुसरं काही नाही... नाही, नाही, मुलीचा काय संबंध? तिने जाळी बघून दिली होती. तिच्या हातून टिंब सुटत नाही... मी आता पुरे करतो. वय झालं. कागदांचं तू सांगशील तसं."

मग ते जेवायला आले. मी त्यांच्या फुलावर लिंबू पिळलं. ते म्हणाले, "मीठ जास्त पडलंय." मी म्हणाले, "उद्या कमी घालते." मी पोटभर जेवले, हे मला आठवतं.

शुक्रवारी सकाळी सातला ते चर्चला जायला निघाले होते. मी त्यांना हाक मारली तेव्हा ते दाराजवळच्या खुर्चीत होते, एक बूट घातलेला, दुसरा हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणभरही त्रास झाला नसेल म्हणाले. ते हे सगळ्यांनाच सांगत असावेत.

नंतरच्या दिवसांबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं फारसं नाही. शनिवारी दफन झालं. तिसऱ्या दिवशी अबूना, आमचे पाद्री, घरी येऊन प्रार्थना म्हणून गेले. माणसं आली, बिनसाखरेची कॉफी प्यायली, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुला लाभो" म्हणाली. मी "आभारी आहे" म्हणाले. मी किती वेळा म्हणाले ते मला माहीत नाही, पण एकदाही चुकले नाही. समोरच्या घरातल्या सित्त तेरेझने चार दिवस डबे पाठवले. मी ते खाल्ले आणि घासून परत केले. बाबांचे सदरे धुतले, वाळवले, इस्त्री केली, कपाटात ठेवले. मग लक्षात आलं की याची गरज नव्हती. पण ते तिथेच राहू दिले.

दफनभूमीत आम्ही शुरेक वाटतो, गोड पाव. मेलेल्याच्या नावाने गोरगरिबांना वाटायचा. त्या पावाला आम्ही रहमाच म्हणतो. माझी आत्या गर्दीतून ओरडली, "अगं इरिनी, रहमा कुठे ठेवलीस?" मला कळलंच नाही ती काय विचारते आहे. मी म्हणाले, "पहिल्या बावीसमध्ये आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, मला सावलीत बसवलं आणि टोपली स्वतःच शोधली.

दुसऱ्या आठवड्यात मी कामावर गेले. राजदूताच्या आठवणींची दुसरी मुद्रितं आली होती. मी ती वाचली. एकही टिंब सुटलं नाही.

पाचव्या आठवड्यात हाझेम सह्या करायला आला. प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. मी आणि शनूदाकाकांनी सकाळीच खोली झाडून ठेवली होती. साठ कागद क्रमाने लावलेले होते. आमच्याकडे ज्या क्रमाने छापतात त्याच क्रमाने नंबर पडतो, बाबांचा तसा नियम होता.

हाझेम दारात उभा राहिला आणि रडला. लाल बूट, दाढी वाढलेली, डोळे पुसायला बाही. मला त्याचं बरं वाटलं. म्हणजे वाटायला हवं तसं वाटलं.

"मॅडम इरिनी," तो म्हणाला, "मला या खोलीत शिव्या खायची सवय आहे. आज कोण देणार?"

"मी देतो की," शनूदाकाका म्हणाले. "बूट बाहेर काढ आधी, फरशी आत्ता पुसली आहे."

तो हसला, बूट काढून आत आला. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. शनूदाकाकांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. बोलायला समोर कुणी नव्हतं.

हाझेमने तेविसावा कागद उचलून दोन्ही हातांनी उजेडात धरला. "मी ठरवलंय," तो म्हणाला. "सगळे साठ ठेवायचे. बावीस रहमा, अडतीस झहमा. एकही फाडायचा नाही. तुम्हाला कळतंय का काय झालंय? मी आयुष्यभर डोकं फोडलं असतं तरी हे मला सुचलं नसतं. दया संपते आणि गर्दी सुरू होते! एका टिंबाने! आणि ते कुणाचं? अशा माणसाचं, ज्याने पन्नास वर्षांत एक वाकडा कागद बाहेर जाऊ दिला नाही."

"फाडायचे ते," शनूदाकाका म्हणाले. "ढिगाने फाडायचे. मी हिवाळ्यात शेकत बसायचो त्यावर."

"म्हणून तर! शेवटचं टिंब तेवढं राहिलं. मालिकेचं नावच मी ते ठेवलंय. 'उस्ता लबीबचं टिंब'. गॅलरीत पहिल्याच भिंतीवर मजकूर लावणार आहे. थांबा, वाचून दाखवतो." त्याने फोन काढला. "'पाच दशकं सावलीत काम करणारा एक हात. हळूहळू अंधारात जाणारे डोळे. आपल्या अखेरच्या कामात, नकळत, वृद्ध उस्तादाने दयेवर एक टिंब...'"

"ते अंधारात जात नव्हते," मी म्हणाले.

"अं?"

"त्यांना दिसत होतं."

"मॅडम, ते स्वतः मला म्हणाले. फोनवर. 'डोळे गेले माझे.' मी अजून विसरलेलो नाही." त्याने फोन खाली ठेवला. आवाज मऊ केला. "मी त्यांची चेष्टा करत नाहीये. उलट. आजवर कुठल्या भिंतीवर त्यांचं नाव लागलं? नऊ वर्षं लोक माझी सही बघतात. आता पहिल्यांदा त्यांचं नाव लागेल, माझ्या वर. तुम्हाला आवडायला हवं."

"परवापरवापर्यंत," शनूदाकाका मधेच म्हणाले, "माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं त्यांना रस्त्यापलीकडून दिसायचं. तिथूनच ओरडायचे, 'बायको सोडून गेली का रे?'"

"बघा, हे पण घालता येईल मजकुरात," हाझेम म्हणाला.

आम्ही कामाला बसलो. पद्धत अशी की चित्रकार डावीकडे बसतो, खाली नंबर घालतो, सही करतो आणि कागद उजवीकडे सरकवतो. उजवीकडे बसणारा त्यावर खोलीचा शिक्का दाबतो. लोखंडी चिमट्यासारखा शिक्का आहे, शाई नसते त्यात, कागदावर नुसता उठाव येतो. लबीब, आणि खाली फग्गाला. तो बोटांना कळतो, डोळ्यांना तिरपा उजेड असला तरच. शिक्क्याचा अर्थ एवढाच की हा कागद कसा झाला हे आम्हाला माहीत आहे आणि आमची त्याला ना नाही. ज्या कागदावर बाबा शिक्का दाबायचे नाहीत तो फाडायचे. चित्रकाराने सही केलेली असली तरी. एकदा एका फ्रेंच माणसाच्या सहीसकट अकरा कागद फाडले होते, तो समोर उभा असताना.

शिक्का आता मी दाबायचा होता.

पहिला कागद आला. मी दाबला. दुसरा आला. मी दाबला. शनूदाकाका मधे मधे पातळ कागद घालून ढीग लावत होते. हाझेम सही करताना जीभ किंचित बाहेर काढतो. पेन्सिलीचा आवाज, मग चिमट्याचा, मग पातळ कागदाचा. मला काही वाटत नव्हतं. मला वाटलं, हे असंच साठ वेळा होईल आणि मग मी घरी जाईन, डबा गरम करेन. भिंतीवर मजकूर लागेल, लोक तो वाचतील, माना डोलवतील, म्हणतील किती सुंदर. कागदांत काही खोटं नाही. टिंब खरंच त्यांनी छापलं होतं. रबर त्यांच्याच हातात होतं.

बाविसाव्यानंतर हाझेम थांबला, बोटं मोडली. "आता उस्ताचे," तो म्हणाला, आणि तेविसाव्यावर फार हळू, फार वळणदार सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

मी कोपरा चिमट्यात घातला. दाबला नाही.

"काय झालं?" हाझेमने विचारलं. "अडकला का?"

"जुना झालाय तो," शनूदाकाका म्हणाले. "तेल लागेल. आण इकडे."

मी चिमटा सोडला नाही. कागद माझ्या समोर होता. गुलाबी आकाश आठ रंगांनी बसलं होतं, एकही कड दुसरीवर चढलेली नव्हती. बाळाचा बूट, झालर, दाराची कडी, सगळं केसाएवढंही न सरकता जागच्या जागी. हे ज्याने बसवलं त्याला दिसत नव्हतं असं मी अडतीस वेळा दाबून सांगणार होते. आणि ते स्वतःही तेच धरून गेले होते, एक बूट हातात घेऊन. चर्चला जाताना, आदल्या रात्री, फुलात मीठ जास्त आहे म्हणताना, ते पूर्ण वेळ असं समजून होते की आपण आंधळे झालो.

"मॅडम इरिनी? पाणी देऊ का?"

"फाडू नकोस हं पोरी," शनूदाकाका अगदी हळू म्हणाले. मी फाडणार आहे असं त्यांना वाटलं होतं.

मी चिमट्यातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"टिंब माझं आहे," मी म्हणाले.

हाझेमला कळलं नाही. "तुमचंच आहे. तुमच्या घराण्याचं आहे. मी तर..."

"नाही. ऐक. सातवं भोक होतं. र च्या वर. मला दिसलं होतं. औषध लावलं असतं तर अर्धा तास गेला असता, म्हणून मी चिकटपट्टी लावली. बाविसाव्यानंतर पट्टी सुटली. तिसावा मला दाखवला त्यांनी. चाळिसावाही दाखवला. मी जागेवरून उठले नाही, ठीक आहे म्हणाले. मग जाळी धुऊन टाकली, कुणी बघू नये म्हणून."

शनूदाकाकांच्या हातातला पातळ कागद तसाच राहिला. "तरीच," ते म्हणाले.

हाझेमने पेन्सिल खाली ठेवली. "पण ते म्हणाले होते... त्यांनी तर तुमचं..."

"त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. ते म्हणाले डोळे गेले, आणि मी म्हणाले थकलात तुम्ही, बसा." माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता, पण तो येत होता. "त्यांनी काम सोडावं असं मला हवं होतं. म्हणून मी तसंच राहू दिलं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. त्यांचे डोळे ठीक होते. त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत सगळं दिसत होतं, चूकही त्यांच्याच लक्षात आली, आम्हा दोघांच्या नाही. त्यांचे डोळे..."

शनूदाकाकांनी टोपी काढली. बाहेर कुणीतरी फुटपाथवरून बेसिन ओढत होतं.

"तुमचे डोळे ठीक होते, बाबा," मी म्हणाले. "पट्टी मी लावली होती."